शेवटच्या वर्षाचा फकीर

संभाजीनं पायांतल्या चपला काढल्या आणि माझ्या टेबलावर, मस्टरशेजारी ठेवल्या.

"ह्या तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्यात बाई. मोहरम हुस्तवर न्हाय घालायच्या."

चपला ही टेबलावर ठेवायची वस्तू आहे का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण पोरगं इतकं गंभीर उभं होतं की मी त्या उचलून खाली ठेवल्या आणि एवढंच म्हटलं, "का रे?"

"फकीर व्हायचंय."

मी त्या वेळी कोल्हापुरातल्या एका सरकारी बालगृहाची अधीक्षक होते. लोक आमच्या संस्थेला सरसकट रिमांड होम म्हणायचे आणि घरातल्या पोरांना धाक घालायला आमचं नाव वापरायचे. आमच्याकडं चोरीमारी करून आलेली मुलं थोडी. बाकीची नुसती निराधार. कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची आई गेलेली. मुलांचं एक वेगळं कोर्ट असायचं. ते आदेश काढायचं आणि मूल आमच्या ताब्यात यायचं. मग त्याचं जेवण, कपडे, शाळा, औषधपाणी, सगळं सरकारकडं. संभाजी अकरा-बारा वर्षांचा होता. वडील नव्हते. आई आनसाबाई क्षयानं आजारी, गावाबाहेरच्या सरकारी टी.बी. दवाखान्यात. 'आई बरी होईपर्यंत' असं त्याच्या आदेशात लिहिलेलं होतं.

आता फकीर म्हणजे काय ते सांगते. कोल्हापूरकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्याला नवल वाटतं. मोहरमला आमच्याकडं पिराचे पंजे बसतात. धातूचा हात, त्याला रंगीत कापडं, पुढं ऊद. पंजा तालमीत बसतो, गावच्या चौकात बसतो, आणि त्याच्यापुढं डोकं टेकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक पाटील, जाधव, माळी असतात. मूल जगत नसलं की आई पिराला नवस बोलते, 'जगू दे, अमुक वर्षं फकीर करीन.' मग ते पोर मोहरमात हिरवी कफनी घालतं, दंडाला नाडा बांधतं, अनवाणी फिरतं, पाच घरं मागतं. कुणी त्याला मुसलमान झाला म्हणत नाही. माझ्या सख्ख्या आत्याचा मोठा मुलगा असाच फकीर व्हायचा, आणि आत्या गणपतीला एकवीस मोदक मोजून करायची.

त्यामुळं संभाजीची मागणी मला अवघड वाटली नाही. एक दिवस रजा द्यायची, गावी न्यायचं, आणायचं. मी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला.

वानखेडे साहेब विदर्भातले, बदली होऊन नुकतेच आलेले. स्वच्छ माणूस. फाइलीवर धूळ बसू द्यायचे नाहीत. माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आदेशात धर्म काय लिहिलाय?"

"हिंदू."

"मग प्रश्न येतोच कुठे? मोहरमची रजा मुसलमान मुलांना आहे. तुमच्याकडे एक आहे ना? त्याला द्या."

"साहेब, इथं हिंदूही..."

"बाई, नियम वाचलाय ना तुम्ही?"

वाचला होता. पाठ होता. ज्या मुलाचा जो धर्म नोंदलेला, त्या धर्माच्या सणाला त्याला रजा. दुसऱ्या धर्माच्या कर्मात संस्थेनं त्याला गुंतवायचं नाही. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता. अनाथ पोरांना खाऊ घालून कुणी आपल्या धर्मात ओढू नये, म्हणून केलेला. मला तो तेव्हाही पटायचा, आताही पटतो. पण आमच्या गावाची रीत त्या नियमात कुठं बसवायची हे नियम करणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

बरं, रजा ज्याला मिळाली त्याचं काय? तो रफीक, जयसिंगपूरचा. मी त्याला बोलावलं आणि सांगितलं, "तुला मोहरमची रजा मंजूर आहे. चुलत्याला निरोप धाडते."

रफीक घुटमळला. "नको बाई. आमच्यात पंजे धरत न्हाईत. अब्बा म्हणायचे, ह्ये आपल्यात बसत न्हाय. चाचा रागवंल."

म्हणजे ज्याला जायचं होतं त्याला बंदी, आणि ज्याला जायचं नव्हतं त्याला रजा. मी कपाळाला हात लावला. सरकारी काम असंच असतं म्हणून सोडूनही दिलं असतं कदाचित. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

फोनवर तिथले डॉक्टर होते. "तुमच्या संभाजीची आई गाठोडं बांधून बसलीय. चार दिवस सोडा म्हणते. नाही सोडलं तर तशीच जाईन म्हणते. तुम्ही येऊन सांगा तिला."

मी रिक्षा करून गेले. डॉक्टर व्हरांड्यातच भेटले. तरुण होते, वैतागलेले होते. त्यांनी मला समजावलं ते असं. क्षयाला औषध आहे, पण ते महिनोन् महिने, खंड न पाडता घ्यावं लागतं. रोजचं इंजेक्शन, वर गोळ्या. मध्येच सोडलं की शरीरातले जंतू त्या औषधाला सरावतात. मग तेच औषध पुन्हा दिलं तरी लागू पडत नाही. "आणि दुसरं औषध माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "ही बाई पूर्वी एकदा अर्धवट सोडून गेलेली आहे. आता ही शेवटची संधी. गावी गेली की चार दिवसांचे चाळीस होतात, मी बघतो ना रोज. तिला खाटेला बांधून ठेवू का?"

आनसाबाई खाटेवर नव्हती. खाली, भिंतीला टेकून बसली होती. अंगावर मांस नव्हतं. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि हातानंच लांब बसायची खूण केली.

"बाई, तुमी वाईट वाटून घिऊ नगा," ती म्हणाली. "डाक्टर देव माणूस हाय. पर मला जायाला पायजे."

"कशाला?"

"पोराचं ह्ये श्येवटचं वरीस हाय. त्याच्या आदी दोन गेली माझी. दोन्ही पाळण्यातच. ह्यो झाला तवा पिराच्या दारात घातला, म्हनलं बारा वर्सं फकीर करीन. अकरा झाली. ह्ये येक ऱ्हायलं की समदं वाया गेलं."

"आनसाबाई, इंजेक्शन सोडलंस तर तू मरशील. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं की."

"मग?"

"मी मेले तर मेले. त्यो जगाय पायजे."

मी चिडले. लपवत कशाला? आम्ही पोराला जेवायला घालतोय, डॉक्टर तिला इंजेक्शनं देतायत, सगळं फुकट, आणि ही बाई सगळ्यावर पाणी सोडायला निघालेली. "सरकार एवढं करतंय तुमच्यासाठी," असं मी बोललेही.

तिला राग आला नाही. "व्हय की. औषीद सरकारचं हाय, भाकरी सरकारची हाय. नवस माझा हाय, बाई. त्यो सरकारला कसा फेडता यील?"

तिच्या मनात दुसरीच अडचण होती, ते मग लक्षात आलं. सरकार नाही म्हणेल हे तिच्या डोक्यातच नव्हतं. पोराला न्यायला घरात दुसरं माणूस नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. म्हणून ती निघाली होती.

"मी नेते त्याला," मी म्हटलं. "तू इथून हलायचं नाही. इंजेक्शन एक चुकवायचं नाही."

"तुमी?"

"मी."

"नाडा सोडायचा ऱ्हातोय पर," ती म्हणाली. "बांधायचा पिराच्या दारात, आन् श्येवटच्या वर्सी सोडायचा आईनं. आमच्यात तसंच हाय."

"इथं आणते. तू सोड."

तिनं गाठोडं खाटेखाली सारलं. मी बाहेर आले. साहेबांनी नाही म्हटलेल्या गोष्टीचा मी शब्द देऊन बसले होते. आता साहेबांकडं गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि फोनवर नव्हे.

साहेबांच्या खुर्चीमागं दत्ताची तसबीर होती, रोज ताजा हार घातलेली. तिच्याखाली बसून ते मला म्हणाले, "बाई, शासनाला धर्म नसतो."

मी तसबिरीकडं पाहिलं नाही. भांडायला आले नव्हते.

"मान्य आहे, साहेब."

"मग मला सांगा, हिंदू मुलाला सरकारी बाई हिरवे कपडे घालून पिराला घेऊन गेल्या, ही बातमी उद्या पेपरात कशी येईल? मुसलमान मुलाला मी देवळात पाठवलं तर कशी येईल? मला दोन्ही नकोत. म्हणून नोंद बघायची आणि तसं वागायचं. त्यात कुणावर अन्याय नाही."

"नोंदीप्रमाणं रजा रफीकला आहे. तो जात नाही म्हणतो. त्याच्या घरी ते चालत नाही. संभाजीच्या घरी चालतं, आजापासून. मग नोंद बघून आपण नक्की कुणाचा धर्म पाळला?"

साहेब म्हणाले, "उद्या एखादं पोरगं म्हणेल, मला अंगाला राख फासून गोसाव्यांबरोबर जायचंय. पाठवाल?"

प्रश्न खरा होता. "नाही पाठवणार," मी म्हटलं. "ते एकट्या पोराच्या मनात आलेलं असेल. इथं पोराची आई जिवंत आहे आणि ती सांगतेय. कोर्टानं आपल्याला मूल सांभाळायला दिलंय, साहेब. तिचं आईपण काढून आपल्याकडं दिलेलं नाही."

मग दवाखान्यातलं सगळं सांगितलं. इंजेक्शनाचं, गाठोड्याचं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मुलाला मी स्वतः विचारणार."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बालगृहात आले. संभाजीला ऑफिसात बोलावलं. तो दारातच अनवाणी उभा राहिला.

"तू हिंदू आहेस ना?"

"व्हय."

"मग पीर तुझा कसा?"

"आमचाच की."

"मुसलमानांचा नाही का तो?"

"त्येंचा बी हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं. "तुला कुणी जा म्हणून शिकवलं? बाईंनी?"

"न्हाय. बाईंनी चपला खाली ठिवल्या निस्त्या." मग जरा थांबून तो म्हणाला, "साहेब, म्या न्हाय गेलो तर आई यील. ती आली तर मरंल. मला म्हाईत हाय."

हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आम्ही मोठी माणसं त्याच्यापासून जपून बोलत होतो आणि ते पोरगं इतके दिवस हे मनात घेऊन अनवाणी हिंडत होतं.

"जा तू," साहेब त्याला म्हणाले, आणि तो गेल्यावर मला, "कोर्टाची एक दिवसाची परवानगी मी आणून देतो. पण ऐका. तुम्ही त्या दिवशी रजा टाकायची. सरकारी गाडी नाही, सरकारी पैसा नाही, शिपाई नाही. शासन त्याला नेणार नाही आणि शासन त्याला अडवणारही नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि कफनी आपल्या भांडारातल्या कापडाची शिवू नका."

मी रजा टाकली. कुरुंदवाडची एस.टी. धरली, तिथून पुढं गावापर्यंत चालत गेलो. ऊन चांगलंच होतं. संभाजी मातीच्या कडेकडेनं पाय टाकत होता. मी पिशवीतून चपला काढून दाखवल्या, त्यानं मान हलवली. परत विचारलं नाही.

पंज्याजवळ गावचे मुजावर होते, बाबालाल. पिराची सेवा करणारा तो मुजावर. म्हातारे, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांनी मुलाला आधी ओळखलं, मग माझ्याकडं बघितलं. "आनसा कुटं हाय?"

मी सांगितलं.

"यायला जमंना तिला, व्हय," ते हळूच म्हणाले. "दोन लेकरं घालवली बिचारीनं. या बाई, सावलीत बसा." आणि त्यांनी स्वतःच्या घरातून कफनी आणली. गेल्या वर्षीची, तिनंच त्यांच्याकडं ठेवायला दिलेली. ती आता गुडघ्यापर्यंतच येत होती. बाबालालांनी नाडा बांधला, ऊद घातला, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवला. काही मोठा सोहळा नव्हता. शेजारी दोन बायका चोंगे, मोहरमच्या गोड पोळ्या, लाटत बसल्या होत्या आणि कुणाच्या तरी सुनेविषयी बोलत होत्या.

मग पाच घरं. दारात उभा राहून तो नुसतं "फकीर आलाय" म्हणायचा. घरातली बाई बाहेर यायची, झोळीत मूठभर पीठ, गुळाचा खडा टाकायची आणि विचारायची, "आई कशी हाय रं?" पाचही दारांत तोच प्रश्न. तो प्रत्येक दारात म्हणाला, "बरी हाय." शेवटच्या घरातली म्हातारी झोळीत पीठ घालून त्याच्या पाया पडली. बारा वर्षांच्या पोराच्या पाया. ते बघून मला एकाएकी वाटलं, बालगृहात आम्ही याला सगळं दिलं, पण इतका मान देणं आमच्या हातात नव्हतं.

संध्याकाळी परत कोल्हापूर. स्टँडवरून थेट दवाखाना. मुलांना वॉर्डात सोडत नसत, संसर्गाची भीती. डॉक्टरांनी आनसाबाईला खिडकीशी आणून बसवलं. संभाजी बाहेरून ओट्यावर चढला आणि दंड गजांतून आत घातला. तिनं पदर तोंडात घट्ट धरला होता, त्यामुळं दोघं बोलली नाहीत. नाड्याला बाबालालांनी चांगली गाठ मारली होती. तिच्या बोटांत जोर नव्हता, गाठ सुटेना. डॉक्टर मागं उभे होते, त्यांनी कात्री पुढं केली. तिनं मान हलवली. आम्ही सगळे उभे राहिलो. शेवटी सुटली.

तिनं नाडा मुठीत घेतला आणि दुसरा हात इंजेक्शनसाठी सिस्टरकडं पुढं केला.

यानंतर जे व्हायचं ते झालंच. निनावी तक्रार गेली. 'बालगृहाच्या बाई हिंदू मुलांना फकीर करतात.' वरून खुलासा मागवला गेला. माझ्या नावानं आलेला तो कागद वानखेडे साहेबांनी स्वतःकडं ठेवून घेतला आणि स्वतःच्या सहीनं उत्तर दिलं. सरकारी भाषेत 'काही नाही' असं लिहायचं असलं की 'निरंक' लिहितात. त्यांनी लिहिलं होतं, 'आईच्या इच्छेनुसार, कोर्टाच्या परवानगीने. शासनाचा खर्च निरंक. शासनाची हरकत निरंक.' माझ्या सगळ्या नोकरीत धर्म आणि सरकार यांच्याबद्दल याहून चांगलं काही मी वाचलेलं नाही.

त्यानंतर आमच्याकडं नवं मूल आलं की आदेशातला धर्म आम्ही वाचायचो, पण तेवढ्यावर थांबायचो नाही. 'घरी काय पाळता?' असं विचारायचो. उत्तरं फार वेगवेगळी यायची. काही मुलं 'काय बी न्हाय' म्हणायची. मग काही नाही.

आनसाबाईनं औषधाचा सगळा काळ पुरा केला. पुढच्या वर्षी एके दिवशी ती दारात उभी राहिली, तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. अंग धरलं होतं, डोळे तेच. पोराला न्यायला आली होती. मी कपाटातून संभाजीच्या चपला काढल्या. मोहरमनंतर त्याला भांडारातून नव्या मिळाल्या होत्या, ह्या माझ्याकडंच राहिल्या होत्या. आता त्या त्याच्या पायाला येईनात. तिनं त्या पिशवीत घातल्या. गावात कुणाच्या तरी पोराला होतील म्हणाली.

कागदावर अंगठा उठवून झाल्यावर ती टेबलाशी घोटाळली.

"बाई, सरकारला माझा येक निरोप सांगाल?"

"सांग."

"औषीद दिलं, पोराला भाकरी दिली. आन् त्येच्या बदल्यात माझा पीर मागितला न्हाईसा. ह्येच लई झालं."

मी "सांगते" म्हटलं. मागितला होता, हे तिला सांगितलं नाही.